तिरका पडलेला तुकडा

मित्रांनो, मला पाहून कुणी थांबेल असा मी नाही. आगपेटीच्या निम्म्या आकाराचा, पिवळट पडलेला, जुना मेणाचा ठोकळा, एवढीच माझी ओळख. अंगावर एक नंबर आणि पाठीला प्लास्टिकची जाळी. एका मोठ्या दवाखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर लॅब आहे. तिथल्या लोखंडी कपाटांच्या अरुंद खणांत माझ्यासारखे हजारो ठोकळे दाटीवाटीने उभे असतात. लॅबमधली माणसं आम्हाला ब्लॉक म्हणतात. झाडणाऱ्या मावशी आम्हाला साबणाच्या वड्या समजतात आणि त्यांचा गैरसमज अजून कुणी दूर केलेला नाही.

आमच्या प्रत्येकाच्या पोटात कुणाच्या तरी शरीराचा एक तुकडा असतो. माझ्या पोटात एका माणसाच्या डाव्या गालाच्या आतला तुकडा आहे, तांदळाच्या दाण्याएवढा. एवढ्याशा दाण्यावर त्या माणसाचं पुढचं सगळं आयुष्य अडून बसलं होतं. मी स्वभावाने थोडा चिडका आहे, तेव्हा सांगताना कुणाला टाकून बोललो तर मनाला लावून घेऊ नका.

माझे जन्म दोन. मेण म्हणून मी पांढऱ्या मण्यांच्या पोत्यातून आलो आणि वितळण्याच्या भांड्यात पडलो. त्या जन्मात सांगण्यासारखं काहीच घडलं नाही. दुसरा जन्म त्या तुकड्याचा. तो माझ्या पोटात आला तो आपल्या आठवणी घेऊनच आला, आणि तेव्हापासून त्याच्या आठवणी त्या माझ्याच.

तो गाल सोफावाल्या काकांचा. काका जुन्या खुर्च्या आणि सोफे मढवायचं काम करत. लोक आता पिना मारायचं यंत्र वापरतात, पण काकांना त्याचा तिटकारा होता. ते मूठभर बारीक खिळे तोंडात टाकत, डाव्या गालात साठवत, जिभेने एकेक खिळा डोक्याच्या बाजूने ओठांवर आणत आणि लोहचुंबक लावलेल्या हातोडीने तो उचलून सरळ लाकडात ठोकत. हात इतका बसलेला, की दुसऱ्या हाताने कापड ताणून धरलेलं जराही सैल पडत नसे. तोंडात खिळे असल्यामुळे त्यांना बोलता येत नसे. गिऱ्हाईक काहीही विचारो, उत्तर एकच, "हं." कुठल्या "हं"चा अर्थ हो आणि कुठल्याचा नाही, हे फक्त त्यांच्या लेकीला कळे. ती समोरच्या टेबलावर कापड बेतायला बसायची आणि गिऱ्हाइकांना भाषांतर करून सांगायची.

खिळे संपले की त्याच कोनाड्यात तंबाखूची चिमूट जायची. तीस वर्षं असं चाललं. गालाला विश्रांती म्हणून नव्हती.

एकदा काका खळखळून हसले आणि लेकीला त्यांच्या गालात काहीतरी पांढरं दिसलं. तिने त्यांना दारापाशी उजेडात नेलं. नखाएवढा पांढरा पट्टा होता, पुसला तरी निघत नव्हता. काका म्हणाले, खिळ्यांनी घासलं असेल, दुखत तर नाही. लेक ऐकेना. ती त्यांना दातांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टर वयस्कर आणि सावध होते. त्यांनी तंबाखू बंद करायला सांगितली, पट्ट्यातून एक छोटा तुकडा काढला आणि तो आमच्या लॅबकडे पाठवला. सोबतच्या चिठ्ठीवर मात्र त्यांनी लिहिलं, "खिळ्यांच्या घासण्यामुळे असावं." ती चिठ्ठी मला आवडली नव्हती. तुकडा यायच्या आधीच तिने उत्तर सांगून टाकलं होतं.

लॅबमध्ये मेणाचं काम ताई करायची. तिच्या हाताखालून रोज सकाळी साठ-साठ ठोकळे निघत. वितळलेलं मेण साच्यात ओतायचं, गरम चिमट्याने तुकडा त्यात बसवायचा, साचा थंड पाटीवर सरकवायचा. मेण गोठलं की ठोकळा तयार. ऐकायला सोपं वाटतं, पण खरी मेख तुकडा बसवण्यात आहे.

गालाच्या आतली त्वचा थराथरांची असते. नव्या पेशी तळाशी जन्मतात, हळूहळू वर सरकतात आणि शेवटी गळून जातात. बिघाड सुरू होतो तो बहुतेक तळाकडून. तो किती उंचीपर्यंत चढला आहे यावरून दुखणं किती गंभीर ते ठरतं. म्हणून तुकडा साच्यात उभा बसवावा लागतो. वह्यांचा गठ्ठा उभा कापला तर प्रत्येक पानाची कड दिसते. वरून तासला तर वरची दोन-चार पानंच हाती येतात.

त्या दिवशी ताईने मला साच्यात उभं केलं. चिमटा काढला आणि मी कलंडलो. मेण कडेने पांढरं व्हायला लागलं होतं. अशा वेळी सगळं वितळवून पुन्हा बसवायचं, हा नियम तीच नव्या लोकांना शिकवायची. तिने माझ्याकडे पाहिलं, रांगेतल्या उरलेल्या तुकड्यांच्या डब्यांकडे पाहिलं आणि स्वतःशीच म्हणाली, "चालेल." मी तिरकाच गोठलो.

मग यंत्राच्या पात्यावर माझे काप निघाले, केसाच्या विसाव्या हिश्शाइतके पातळ. ते काचेवर चढले, रंगवले गेले आणि मॅडमच्या सूक्ष्मदर्शकाखाली गेले. मॅडम म्हणजे लॅबच्या मुख्य डॉक्टर. त्यांनी जे दिसलं ते लिहिलं. पहिल्या ओळीत लिहिलं की पेशींत सौम्य बदल आहे, सहा महिन्यांनी पुन्हा पाहावं. अगदी शेवटच्या ओळीत, बारीक अक्षरांत लिहिलं की तुकडा तिरका कापला गेल्यामुळे त्वचेची पूर्ण जाडी दिसत नाही. दातांच्या डॉक्टरांनी पहिली ओळ वाचली. काकांनी तीही वाचली नाही, त्यांनी लेकीचा चेहरा वाचला. ती हसली, तेव्हा ते कामाला लागले. पुढे दातांचे डॉक्टर दवाखाना दुसऱ्याला देऊन निवृत्त झाले. काकांचं दुकानही गल्ली बदलून दुसरीकडे गेलं. सहा महिन्यांनी येणं राहूनच गेलं.

आणि मी खणात जाऊन पडलो. अडीच वर्षं. मित्रांनो, विसरले जाण्याचं मला दुःख नाही, ठोकळ्याचा जन्म त्यासाठीच असतो. पण माझ्या पोटात काय आहे ते मला ठाऊक होतं आणि मला तोंड नव्हतं. हे फार वाईट.

काय होतं ते सांगतो. प्रत्येक पेशीत शेहेचाळीस बारीक धागे असतात. त्यांना गुणसूत्रं म्हणतात. ते जोडीजोडीने राहतात, जोडीतला एक आईकडून आलेला आणि एक वडिलांकडून. पेशीने कसं वागायचं ते या धाग्यांवर लिहिलेलं असतं. कधी वाढायचं, कधी थांबायचं, हाताबाहेर बिघडलं तर स्वतःहून कधी मरायचं. यातल्या तिसऱ्या आणि नवव्या जोडीवर थांबायच्या काही मोठ्या महत्त्वाच्या सूचना आहेत. तंबाखूने तीस वर्षं त्या धाग्यांना कुरतडलं होतं. माझ्या पोटातल्या पेशींमध्ये दोन्ही जोड्यांतला एकेक धागा नेमका त्या जागी तुटला होता आणि तो भाग हरवला होता. सूचनांची दुसरी प्रत होती, पण तिच्यावर किती दिवस काढणार? तोंडातला प्रत्येक पांढरा डाग पुढे कर्करोग होतो असं मुळीच नाही. पुष्कळ डाग जन्मभर तसेच राहतात. ज्या डागाचे हे धागे तुटले आहेत, त्याचा मात्र भरवसा नसतो. वरून दोन्ही डाग सारखेच दिसतात. मी खणात उभा राहून दिवस मोजत होतो आणि बाहेर कुठेतरी काका निवांत "हं" म्हणत होते.

मग एके सकाळी खण उघडला. लॅबमध्ये एक संशोधक बाई आल्या होत्या. जुन्या पांढऱ्या डागांच्या ठोकळ्यांतले धागे तपासून कोणते डाग पुढे बिघडतात ते त्यांना शोधायचं होतं. त्यांच्या यादीत चाळीस नंबर होते, त्यांत माझा एक. काप काढायचं काम ताईकडे आलं. नावं कुणाचीच सांगायची नव्हती, प्रत्येकाला नवा आकडा देऊन काम होणार होतं. थोडक्यात, माझ्यात काहीही निघालं असतं तरी ते काकांपर्यंत जाणार नव्हतं. मला आनंद व्हायच्या आतच माझा जीव पुन्हा घाबरा झाला.

ताईने मला यंत्राच्या पकडीत बसवलं. भिंग ओढून पाहिलं. आणि तिचा हात थांबला. तुकडा तिरका होता, आणि जाळीवरचं अक्षर तिचं स्वतःचं होतं.

तिला सुटायला वाट होती. "हा चालणार नाही" असं लिहून तिने मला परत खणात टाकलं असतं तर कुणी का म्हणून विचारलं नसतं. एकोणचाळीस ठोकळे शिल्लक होतेच. तिने खरंच मला बाजूला ठेवलं. दुसरा घेतला, त्याचे काप काढले. तिसरा घेतला. मी टेबलाच्या कडेला पडून तिच्याकडे पाहत होतो. चौथा ठोकळा हातात घेऊन ती उठली, तो तसाच खाली ठेवला, जुनी फाइल शोधून काढली आणि उभ्या उभ्या वाचली. शेवटच्या ओळीवर तिचं बोट थांबलं. मग मला आणि ती फाइल घेऊन ती मॅडमच्या खोलीत गेली.

"मॅडम, हा मी तिरका बसवला होता. मला तेव्हाच कळलं होतं."

मॅडमनी फाइल वाचली. त्या रागावतील असं मला वाटलं होतं, आणि खरं सांगायचं तर मला ते हवंही होतं. त्यांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"ही ओळ मी खाली लिहिली," त्या म्हणाल्या. "वर लिहायला हवी होती. हा माणूस पुन्हा आला का?"

ताईने नाही म्हटलं.

"मग वितळवा. उभा बसवा. सांभाळून, उरलंय फारच थोडं."

वितळवा म्हणणं सोपं आहे, मित्रांनो. ज्याला वितळायचं असतं त्याला विचारा. पूर्वीच्या कापांत तुकड्याचं एक टोक जवळजवळ संपलं होतं. दुसऱ्या टोकाला पूर्ण जाडी शिल्लक असेल तर असेल. मेण पातळ झालं की एवढासा कण भांड्यात कुठेही वाहून जाऊ शकतो, चिमट्याला चिकटून दुसऱ्याच्या ठोकळ्यात जाऊ शकतो, गरम चिमट्याखाली चुरगळू शकतो. आणि काकांच्या त्या दिवसाच्या गालाची जगात दुसरी खूण नव्हती.

माझं जुनं मेण सुटलं. मी मेलो की नाही हे मला अजून नीट कळलेलं नाही. ताईने बाकी सगळं काम बंद ठेवलं, भांडं रिकामं केलं, चिमटा पुसला. तुकडा वर तरंगला, तिने तो टिपला आणि नव्या मेणात कडेवर उभा केला. या खेपेला तिने चिमटा काढलाच नाही. खाली मेण पांढरं होत आलं, वर होत आलं, तिचा हात अवघडला, तरी काढला नाही. मेण धरलं तेव्हा कुठे तिने श्वास सोडला.

मग पातं. बर्फावर ठेवून मला कडक केलं आणि यंत्राचं चाक ती एकेक घर फिरवू लागली. पहिले काप नुसत्या मेणाचे. मग तुकड्याची कड दिसली. ताईने अंदाज बांधला की फार तर बारा काप निघतील. पहिला काप कोमट पाण्यावर पसरला, काचेवर उचलला आणि रंगवायला गेला. बाकीचे तिने जपून ठेवले.

मॅडमनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं आणि ताईला पाहायला बोलावलं. एका टोकाला, केसाच्या दोन-तीन जाडींएवढ्या जागेत, त्वचा तळापासून वरपर्यंत पूर्ण होती. बिघाड तळापासून निघून निम्म्याच्या वर चढलेला होता. सौम्य म्हणावं असं त्यात काही राहिलं नव्हतं, आणि ही अडीच वर्षांपूर्वीची स्थिती होती.

आता काकांना शोधायचं होतं. चिठ्ठीवरचा फोन बंद. पत्ता जुन्या दुकानाचा, तिथे आता चष्म्याचं दुकान. दातांचे डॉक्टर गाव सोडून मुलाकडे गेलेले. दोन दिवस ताई फोन फिरवत राहिली. तिसऱ्या दिवशी ती त्या दातांच्या दवाखान्यात स्वतः जाऊन धडकली. तिथल्या नव्या डॉक्टरांना जुन्या पेशंटांची काही माहिती नव्हती. परत निघताना तिची नजर बाहेरच्या बाकावर गेली. बाकाची गादी नवी दिसत होती, आणि कडेने बारीक खिळ्यांची रांग एका रेषेत ठोकलेली. पिना मारायच्या यंत्राचं ते काम नव्हतं. ताईला चिठ्ठीतले खिळे आठवले. ताईने बसलेल्या पेशंटला उठवलं आणि बाक उलटा केला. मढवणारे कारागीर बसायच्या खालच्या बाजूला आपल्या दुकानाची चिठ्ठी ठोकतात. ती तिथे होती, नव्या पत्त्यासकट. ही गोष्ट तिने लॅबमध्ये येऊन तीनदा सांगितली, आणि उठवलेला पेशंट दर वेळी आधीपेक्षा जास्त रागीट होत गेला.

काका लेकीबरोबर आले. आधी त्यांचं तोंड तपासलं गेलं आणि मग त्यांना वर लॅबमध्ये आणलं. इथेच सगळं अडणार होतं. पट्टा जवळजवळ गेलेला होता. तंबाखू लेकीच्या धाकाने बरीच कमी झाली होती, खिळे त्यांनी उजव्या गालात हलवले होते, आणि डाव्या गालात आता नुसता फिकट डाग उरला होता. तपासणाऱ्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं की डोळ्यांना फारसं काही दिसत नाही. तो सगळा भाग कापून काढता येईल, नाहीतर थांबून पाहता येईल.

"मग थांबू," काका म्हणाले. "दुखत नाही, खुपत नाही. चांगल्या गालाला कशाला भोक पाडायचं?"

ताई पुढे झाली.

"काका, तुमचा तुकडा मी तिरका बसवला होता. म्हणून तुम्हाला सौम्य म्हणून सांगितलं गेलं. चूक माझी आहे."

लेक ताडकन उठली. अडीच वर्षं, एवढंच ती बोलू शकली. काकांनी तिला हाताने खाली बसवलं. मग ते ताईकडे वळले आणि त्यांनी विचारलं, तो तुकडा कुठे आहे. ताईने मला त्यांच्या तळहातावर ठेवलं.

मित्रांनो, तो तळहात खिळ्यांनी आणि सुतळीने घट्टे पडलेला होता. मी त्याच माणसातून आलो होतो आणि आता त्याला परका होतो. काकांनी मला उजेडात धरून फिरवून पाहिलं. मेणात उभा असलेला तो करडा कण त्यांना दिसला की नाही, देव जाणे.

"मीही कधीमधी वाकडा खिळा ठोकून वरून कापड ओढलंय," ते म्हणाले. "कुणाला सांगायला गेलो नाही. तुम्ही सांगितलंत."

मॅडमनी त्यांना धाग्यांचं समजावून सांगितलं. डोळ्यांना दिसत नाही ते धागे सांगतील, असं त्या म्हणाल्या. माझ्यातले उरलेले काप तपासायचे. धागे शाबूत निघाले तर थांबायचं. तुटलेले निघाले तर सगळा भाग काढायचा. काकांनी होकार दिला आणि कागदावर सही केली. सही करताना हात स्थिर होता, पेन परत देताना मात्र टोपण लावायचं त्यांना सुचेना. लेकीने ते लावलं.

संशोधक बाईंनी सुईने माझ्या कापांवरची त्वचा खरवडून एका नळीत घेतली आणि त्वचेखालचा निरोगी भाग दुसऱ्या नळीत. एकाच माणसाचे दोन नमुने, शेजारी शेजारी. निरोगी भागात आईचा आणि वडिलांचा धागा असे दोन उंचवटे यंत्राच्या आलेखावर दिसणार होते. बिघडलेल्या भागात ते दोन दिसतात की एक, एवढाच प्रश्न. नमुना इतका थोडा होता की पहिली खेप फुकट गेली, आलेख कोराच आला. आता नळीत दुसऱ्या खेपेपुरतंच उरलं होतं. त्या आठवड्यात काकांची लेक रोज दुपारी यायची, काही विचारायची नाही, दाराशी उभी राहून परत जायची.

दुसऱ्या खेपेला आलेख उमटला. निरोगी भागात दोन उंचवटे. डागाच्या भागात तिसऱ्या जोडीच्या जागी एक. नवव्या जोडीच्या जागीही एक. संशोधक बाईंनी कागद मॅडमच्या हातात दिला. दाराशी उभ्या असलेल्या लेकीने त्यांचे चेहरे पाहिले आणि काकांना फोन लावला. मला ठाऊक होतं ते अखेर माणसांना कळलं होतं. यात आनंद मानायचा की काय करायचं ते मला सुचलं नाही.

चार दिवसांनी काकांच्या गालाचा तो सगळा भाग काढला गेला. आलेला मोठा तुकडा ताईने सात ठोकळ्यांत उभा बसवला. मॅडम एकेक काच पाहत गेल्या. पाच काचांत बदल होता, तेवढाच. सहाव्या काचेवर एका जागी बिघाड तळापासून अगदी वरच्या थरापर्यंत चढलेला होता. त्या तिथेच थांबल्या, भिंग बदललं, पुन्हा पाहिलं. त्वचेच्या तळाशी एक पातळ रेषा असते. बिघाडाने ती ओलांडली की त्याला कर्करोग म्हणतात. मॅडमनी ती रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासली. ती कुठेही तुटली नव्हती. सातवी काच साफ निघाली. रिपोर्टाच्या पहिल्याच ओळीत त्यांनी तसं लिहिलं.

तंबाखू कायमची सुटली. दर तीन महिन्यांनी काका तोंड दाखवायला येऊ लागले. गाल बरा व्हायला वेळ लागला, बोलणं थोडं ओढल्यासारखं झालं. तपासणी झाली की ते तिसऱ्या मजल्यावर येत आणि ताईला "हं" म्हणत. हा "हं" बरं असल्याचा आहे, हे तिला लेकीने शिकवलं होतं. मला ताईने परत खणात ठेवलं नाही. मी तिच्या टेबलावर असतो, मेण ओतायच्या भांड्याशेजारी.

चौथ्या खेपेला काका आले नाहीत. अकराची वेळ होती. साडेअकरा झाले, बारा झाले. ताईने खाली विचारलं, तिथे ते पोचलेच नव्हते. लेकीचा फोन कुणी उचलेना. ताई काम करत होती, पण दर दोन मिनिटांनी दाराकडे पाहत होती. अशा दुखण्यांची एक खोड असते. माणूस बरा झाला की तो यायचा बंद होतो, आणि नेमकं तेव्हाच ते परत येतं. माझ्या मनात नको नको ते यायला लागलं.

एक वाजून गेल्यावर काका आले, घामाघूम. मागे लेक, आणि तिच्या मागे काकांच्याच गल्लीतले तंबाखू खाणारे तीन कारागीर. तिघांचेही गाल फुगलेले, तिघांचंही तोंड घट्ट मिटलेलं. काका सकाळपासून एकेकाच्या दुकानात जाऊन भांडत होते. एकाने गिऱ्हाइकाची सबब सांगितली होती, एकाने दार लावून घेतलं होतं. तिसरा काकांच्या समोरच्या दुकानाचा. त्याच्याशी काका दोन वर्षं बोलत नव्हते, कारण त्याने त्यांचं मोठं गिऱ्हाईक पळवलं होतं.

"यांचीही तोंडं बघा," काका ताईला म्हणाले. "आधी याचं. हा काही दुखत नाही म्हणतोय."

खाली डॉक्टरांनी तपासलं, तेव्हा दोघांचे गाल साफ निघाले. समोरच्या दुकानदाराच्या गालात पांढरा पट्टा होता, आणि त्याच्या कडेला लाल.

मित्रांनो, माझ्यात आता फार तर एखादा काप उरला असेल. म्हणून मागायचं ते आत्ताच मागून घेतो. आज घरी गेलात की आपल्या माणसांना तोंड उघडायला सांगा. बाबांना, काकांना, आजोबांना, आत्याला. ते हसतील, हात झटकतील. तरी त्यांना उजेडात न्या आणि गाल बाजूला करून बघा. दोन आठवड्यांत न जाणारा पांढरा किंवा लाल डाग दिसला तर त्यांना डॉक्टरांकडे नेल्याशिवाय सोडू नका, आणि जो कागद हातात मिळेल तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. तुमच्या हातून कधी काही तिरकं झालं तर ते ज्याच्या अंगावर येणार आहे त्याला जाऊन सांगा, उशीर झाला असला तरी सांगा. आणि "दुखत नाही" हे उत्तर कुणाकडूनही ऐकून घेऊ नका. आमच्या कपाटात असेही ठोकळे आहेत ज्यांची माणसं दुखायला लागल्यावर आली. त्यांच्या पोटातले तुकडे माझ्यापेक्षा पुष्कळ मोठे आहेत, आणि ते कुणाला काही सांगत नाहीत.